संडे सायलेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संडे सायलेन्स कोण होता?

अमेरिकेत केंटकी राज्यात जन्मलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा. १९८९ साली तो अमेरिकेचा 'हॉर्स ऑफ द इयर' ठरला. पुढे जपानमध्ये गेला आणि सलग १३ वर्षं, १९९५ ते २००७, तिथला अव्वल सायर राहिला. सायर म्हणजे पैदाशीचा नर. ज्याच्या संततीने वर्षभरात सगळ्यात जास्त बक्षिसाची रक्कम जिंकली तो त्या वर्षीचा अव्वल सायर. या १३ पैकी शेवटची पाच वर्षं तर तो हयातही नव्हता.

चांगले रेसचे घोडे पुष्कळ होऊन गेले, चांगले सायरही पुष्कळ झाले. पण एका घोड्यामुळे एका देशाचं रेसिंग पार बदलून गेलं, अशी उदाहरणं फार थोडी. म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावंसं वाटलं.

त्याची कुळी काय?

वडील हेलो, आई विशिंग वेल. हेलो सायर म्हणून मोठा, पण स्वभावाने इतका वाईट की त्याच्या तोंडाला मुसकं बांधून ठेवावं लागे. माणसाला चावायला तो मागेपुढे पाहत नसे. ही आग मुलातही उतरली. तबेल्यात त्याला हाताळणाऱ्यांना सतत सावध राहावं लागे.

हेलोची आई कॉस्मा आणि नॉर्दर्न डान्सरची आई नताल्मा या बहिणी, दोघी अलमाहमूद या घोडीच्या मुली, फक्त वडील वेगळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्दर्न डान्सरएवढा प्रभावी सायर दुसरा झाला नाही. हे नातं लक्षात ठेवा, पुढे जपानमध्ये ते कामाला आलं. विशिंग वेल मात्र फॅशनेबल घराण्यातली नव्हती. स्वतः ती जिद्दीने पळून चांगल्या शर्यती जिंकली होती, पण तिचे वडील अंडरस्टँडिंग यांचं नाव कॅटलॉगमध्ये वाचून कुणी चेकबुक काढलं नसतं.

लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही, हे खरं का?

खरं आहे, आणि असं एकदा नाही, दोनदा झालं.

त्याचा जन्म २५ मार्च १९८६ चा, केंटकीतल्या पॅरिस या गावाजवळच्या स्टोन फार्मवर. शिंगरू असताना हातपाय काटकुळे होते आणि मागचे पाय सांध्यापाशी आत वळलेले. चालताना मागून पाहिलं की ते एकमेकांना लागतील असं वाटे. घोडा घेणारा माणूस आधी पाय पाहतो, कारण ताशी ६० किलोमीटर वेगाने पळताना सगळा भार त्यांच्यावरच येतो. त्यातच पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर एका विषाणूने त्याला गाठलं. जुलाबाने तो इतका खंगला की जगेल याची खात्री नव्हती.

१९८७ च्या जुलैत कीनलँडच्या लिलावात त्याला आणलं. बोली १७,००० डॉलरपुढे सरकेना, तेव्हा स्टोन फार्मचे मालक आर्थर हॅनकॉक यांनी स्वतःच तो ठेवून घेतला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात दोन वर्षांच्या घोड्यांच्या लिलावात पुन्हा नेला. तिथे ३२,००० डॉलरपर्यंत बोली गेली. मालकांची अपेक्षा जास्त होती, म्हणून तो पुन्हा परतीच्या वाटेला लागला.

बोली न लावणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. समोर दिसत होतं त्यावरून त्यांनी घेतलेला निर्णय रास्तच होता. पण पायांची ठेवण तेवढी दिसते. हृदय, फुप्फुसं आणि झुंजायची खुमखुमी लिलावाच्या रिंगणात दिसत नाही, आणि या घोड्याचं सगळं भांडवल तिथेच होतं.

व्हॅनच्या अपघाताची गोष्ट रंगवून सांगितलेली तर नाही ना?

नाही. कॅलिफोर्नियाहून केंटकीला परत येताना ड्रायव्हरला वाटेतच हृदयविकाराचा झटका आला आणि व्हॅन उलटली. संडे सायलेन्सला बरीच दुखापत झाली, पण हाड मोडलं नाही. दोन वर्षांचा होईस्तोवर विषाणू आणि अपघात, दोन्हींतून तो वाचला होता.

मग तो रेसिंगमध्ये आला कसा?

कॅलिफोर्नियातले ट्रेनर चार्ली व्हिटिंगहॅम यांच्यामुळे. त्यांनी हॅनकॉककडून निम्मा हिस्सा घेतला आणि त्यातला अर्धा आपले मित्र डॉ. अर्नेस्ट गेलार्ड यांना दिला. व्हिटिंगहॅम तेव्हा पंचाहत्तरीचे होते. घोड्याला कधीही घाई न करणारा ट्रेनर अशी त्यांची ख्याती. १९८६ साली फर्डिनांडला घेऊन त्यांनी केंटकी डर्बी जिंकली होती.

पदार्पण १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये, सांता अनिताला. तिथे दुसरा आला. पुढच्याच महिन्यात हॉलिवूड पार्कला दहा लांबींनी जिंकला. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एका घोड्याचं अंतर, साधारण अडीच मीटर. १९८९ च्या वसंतात सांता अनिता डर्बी त्याने ११ लांबींनी मारली आणि कुणालाच नको असलेल्या घोड्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

अमेरिकन ट्रिपल क्राउन म्हणजे काय, आणि त्याचा तो हुकला कसा?

तीन वर्षांच्या घोड्यांसाठी पाच आठवड्यांत तीन शर्यती: केंटकी डर्बी (सुमारे २००० मीटर), प्रीकनेस (सुमारे १९०० मीटर) आणि बेलमाँट (सुमारे २४०० मीटर). तिन्ही मातीच्या ट्रॅकवर. घोडा तीन वर्षांचा एकदाच असतो, त्यामुळे दुसरी संधी नाही. संडे सायलेन्स पहिल्या दोन जिंकला आणि तिसरी हरला. हरवणारा होता इझी गोअर.

इझी गोअरशी त्याची चुरस इतकी का गाजली?

कारण कुठल्याही बाजूने पाहा, समोर दुसरं टोक होतं.

इझी गोअरचा जन्म २१ मार्च १९८६ चा, म्हणजे फक्त चार दिवस आधीचा, आणि त्याच पॅरिस गावातल्या क्लेबोर्न फार्मवरचा. वडील अलिडार, मालक ऑग्डेन फिप्स, म्हणजे अमेरिकन रेसिंगमधलं खानदानी घराणं. तांबूस रंगाचा, भरदार, देखणा घोडा. न्यूयॉर्कचे लोक त्याच्यावर जीव टाकत. संडे सायलेन्स पळायचा पश्चिम किनाऱ्यावर, त्यामुळे पूर्व विरुद्ध पश्चिम असा रंगही चढला.

यात भावाभावांचीही एक गोष्ट आहे. क्लेबोर्न हे हॅनकॉक घराण्याचंच फार्म. १९७२ मध्ये वडील वारल्यावर त्याचा कारभार धाकट्या सेथकडे गेला. थोरले आर्थर बाहेर पडले आणि त्यांनी स्टोन फार्म उभं केलं. म्हणजे १९८९ मध्ये एका भावाच्या फार्मवर जन्मलेला घोडा दुसऱ्याच्या फार्मवर जन्मलेल्या घोड्याशी पळत होता.

६ मे १९८९, केंटकी डर्बी. कडाक्याची थंडी, ट्रॅकवर चिखल. संडे सायलेन्स शेवटच्या सरळ पट्ट्यात डावीउजवीकडे भरकटत पळाला आणि तरीही अडीच लांबींनी जिंकला. वेळ संथ होती, २ मिनिटं ५ सेकंद. न्यूयॉर्कवाल्यांनी सगळं चिखलावर ढकललं: कोरडा ट्रॅक असता तर इझी गोअरच जिंकला असता.

दोन आठवड्यांनी प्रीकनेस. मधल्या दिवसांत संडे सायलेन्सच्या पुढच्या खुराला मार बसला होता आणि त्याचं ट्रॅकवर्क बुडालं होतं. ट्रॅक या वेळी कोरडा. शेवटच्या वळणावर इझी गोअर पुढे निघाला, संडे सायलेन्सने बाहेरून येऊन त्याला गाठलं, आणि तिथून विनिंग पोस्टपर्यंत दोघं अंगाला अंग लावून पळाले. कधी याचं डोकं पुढे, कधी त्याचं. आतल्या बाजूला इझी गोअर, त्याच्यावर जॉकी पॅट डे. त्याने घोड्याचं तोंड लगामाने बाहेरच्या बाजूला, प्रतिस्पर्ध्याकडे वळवलं. त्याने तसं का केलं यावर आजही वाद होतो. बाहेर संडे सायलेन्सवर पॅट व्हॅलेन्झुएला. शेवटी संडे सायलेन्स नाकाच्या फरकाने जिंकला. पॅट डेने हरकत घेतली, पंचांनी ती फेटाळली. त्या शंभरेक सेकंदांच्या शर्यतीचं चित्रण मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा निकाल माहीत असूनही शेवटच्या टप्प्यात छातीत धडधडतं. माझ्या मते दोन घोड्यांची यापेक्षा चांगली झुंज कॅमेऱ्यात टिपली गेलेली नाही.

१० जूनला बेलमाँट, इझी गोअरच्या घरच्या ट्रॅकवर. तिथे तो आठ लांबींनी जिंकला. यात शंकेला जागाच नव्हती. ट्रिपल क्राउन गेला.

चौथी आणि शेवटची गाठ ४ नोव्हेंबरला फ्लोरिडातल्या गल्फस्ट्रीम पार्कवर, ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये. वर्षाचा किताब यावरच ठरणार होता. व्हॅलेन्झुएला निलंबित होता, म्हणून ख्रिस मॅकॅरन बसला. संडे सायलेन्सने आधी आघाडी घेतली. इझी गोअर मागून झपाट्याने अंतर कापत आला, पण मानेएवढं अंतर उरलंच. चार लढतींत हिशेब ३-१.

तो किती शर्यती पळाला, किती जिंकला?

१४ शर्यती, ९ विजय, आणि उरलेल्या पाचही वेळा दुसरा. दुसऱ्याच्या खाली कधीच नाही. बक्षिसाची रक्कम ४९,६८,५५४ डॉलर. १९९० मध्ये कॅलिफोर्नियन स्टेक्स जिंकला, हॉलिवूड गोल्ड कपमध्ये क्रिमिनल टाइप या घोड्याकडून थोडक्यात हरला, आणि मग पायाचा अस्थिबंध दुखावल्याने निवृत्त झाला. १९९६ मध्ये अमेरिकन रेसिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली.

एवढा घोडा अमेरिकेने विकलाच कसा?

घेणारं तिथे कुणी नव्हतं. मोठा घोडा निवृत्त झाला की सहसा त्याचे हिस्से ब्रीडरना विकतात आणि हिस्सेदार आपल्या घोड्या त्याच्याकडे पाठवतात. हॅनकॉक यांनी तसा प्रयत्न केला. पण केंटकीतल्या ब्रीडरांनी पुन्हा तेच आक्षेप काढले: पाय वाकडे, आईची कुळी साधी, बाप माथेफिरू. शर्यतीत त्याने जे करून दाखवलं ते जमेला धरलंच गेलं नाही. लिलावातली चूक मला समजते. तेव्हा घोडा पळालाच नव्हता. ही दुसरी चूक मात्र क्षम्य वाटत नाही, कारण तोवर सगळा पुरावा समोर होता.

जपानच्या शादाई फार्मचे झेन्या योशिदा यांनी आधीच एक चतुर्थांश हिस्सा घेतलेला होता. त्यांनी उरलेलाही घेतला. एकूण व्यवहार सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा झाला. हॅनकॉक कर्जाच्या ओझ्याखाली होते, नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. जपानी माणूस पैसे उधळतोय, असाच तेव्हा अमेरिकेत अनेकांचा समज होता.

योशिदांना जे दिसलं ते इतरांना का दिसलं नाही?

योशिदा गरज ओळखून खरेदी करत होते. त्यांनी १९७२ मध्ये साराटोगाच्या लिलावात नॉर्दर्न डान्सरचा एक बुटका मुलगा १ लाख डॉलरला घेतला होता. त्याचं नाव नॉर्दर्न टेस्ट. फ्रान्समध्ये तो मोठी शर्यत जिंकला, जपानला आल्यावर अनेक वर्षं अव्वल सायर राहिला. त्यामुळे १९९० पर्यंत शादाईकडे त्याच्या मुलींचा मोठा ताफा तयार होता. या सगळ्या मुलींना जोडायचा तर वेगळ्या बापाचा, पण तोडीस तोड घोडा हवा होता. संडे सायलेन्स त्या जागी चपखल बसला. शिवाय अलमाहमूद ही घोडी दोन्ही बाजूंच्या कुळीत मागे होतीच. दैवा मेजर आणि ड्युरांडल ही या जोडणीची उत्तम फळं, दोघांच्याही आया नॉर्दर्न टेस्टच्या मुली.

दुसरं कारण जमिनीचं. जपानमधल्या प्रतिष्ठेच्या शर्यती गवतावर होतात. संडे सायलेन्स जन्मभर मातीवर पळाला, पण त्याच्या मुलांमध्ये एकदम वेग वाढवायची जी ताकद होती ती गवताच्या टणक ट्रॅकवर शेवटच्या ६०० मीटरमध्ये फार उपयोगी पडली. ज्या पायांवर अमेरिकेत बोट ठेवलं गेलं, त्यांतली लवचीकता इथे गुण ठरली.

आणि तिसरं, पैसा. त्या काळात जपानी मालक जगभरातून उत्तम घोड्या विकत घेत होते. चांगल्या सायरला चांगल्या घोड्या मिळाल्या नाहीत तर तो काय करणार? संडे सायलेन्स केंटकीतच राहिला असता तर हे घडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. घोडा थोर होताच, पण त्याच्यासाठी घर आधीपासून तयार होतं.

यातली एक गोष्ट चटका लावणारी आहे. त्याची पहिली संतती १९९४ मध्ये पळू लागली. झेन्या योशिदा १९९३ च्या ऑगस्टमध्येच वारले होते.

एका हंगामात तो किती घोड्यांना फळवत असे? कृत्रिम रेतन चालत नाही का?

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला जगभर मनाई आहे. तसं जन्मलेलं शिंगरू स्टड बुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत वंशनोंदवहीत, नोंदलंच जात नाही, आणि नोंद नसलेला घोडा शर्यतीत पळू शकत नाही. म्हणजे घोडी प्रत्यक्ष स्टॅलियनकडे न्यावीच लागते. उत्तर गोलार्धात हा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जूनचा, गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा. सगळ्या शिंगरांचं वय १ जानेवारीला एकत्र वाढतं, म्हणून प्रत्येकाला लवकरचं शिंगरू हवं असतं. शेवटच्या काही वर्षांत संडे सायलेन्सकडे हंगामाला दोनशेच्या आसपास घोड्या येत. म्हणजे रोज दोन, कधी तीन.

त्याच्या संततीत नावाजलेले कोण?

पहिल्याच पिढीत फुजी किसेकी, जो चार शर्यती पळाला आणि एकही हरला नाही. त्याच पिढीतल्या जेन्युइनने सात्सुकी शो, तायासु त्सुयोशीने जपानी डर्बी आणि डान्स पार्टनरने ओक्स जिंकली, सगळं १९९५ मध्ये. पुढे त्याच्या सहा मुलांनी जपानी डर्बी जिंकली: तायासु त्सुयोशी, स्पेशल वीक, अॅडमायर वेगा, अॅग्नेस फ्लाइट, निओ युनिव्हर्स आणि डीप इम्पॅक्ट. मुलींत स्टिल इन लव्हने २००३ मध्ये फिलींचा (तरुण माद्यांचा) ट्रिपल क्राउन मिळवला.

आकड्यांत न मावणारे दोघे इथे सांगायलाच हवेत. सायलेन्स सुझुका सुरुवातीपासून आघाडी घेऊन शेवटपर्यंत ती सोडायचा नाही. १ नोव्हेंबर १९९८ ला टोकियोच्या तेन्नो शोमध्ये त्याने पहिले १००० मीटर ५७.४ सेकंदांत कापले. बाकीचे घोडे कितीतरी मागे होते. मग वळणाच्या आधी पुढचा डावा पाय मोडला. त्याला वाचवता आलं नाही. जॉकी युताका ताके त्या दिवशी शर्यतीत पडला नाही, कारण घोड्याने तीन पायांवर तोल सांभाळून धरला.

दुसरा स्टे गोल्ड. लहानखुरा, तापट, मोठ्या शर्यतींत कायम दुसरा-तिसरा. तब्बल ५० शर्यती पळाला आणि शेवटच्या, पन्नासाव्या शर्यतीत, २००१ च्या हाँगकाँग वासमध्ये, हातातून निसटलेली शर्यत अगदी शेवटच्या क्षणी खेचून आणून पहिला ग्रुप वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा, विजय मिळवला. सायर म्हणून त्याने ऑर्फेव्हर आणि गोल्ड शिप दिले. ऑर्फेव्हर जपानचा ट्रिपल क्राउन विजेता आणि पॅरिसच्या आर्क शर्यतीत दोनदा दुसरा.

डीप इम्पॅक्टविषयी थोडं सांगाल?

त्याचा जन्म २५ मार्च २००२ चा. बापाचाही वाढदिवस तोच. आई विंड इन हर हेअर. अंगाने लहान, पण शेवटच्या वळणावर ताके जेव्हा त्याला मोकळं सोडायचा तेव्हा बाकीचे जागच्या जागी उभे असल्यासारखे वाटत. २००५ मध्ये एकही शर्यत न हरता ट्रिपल क्राउन. एकूण १४ शर्यती, १२ विजय. जपानमध्ये त्याला हरवणारा एकच घोडा निघाला, २००५ च्या अरिमा किनेनमध्ये हार्ट्स क्राय, आणि तोही संडे सायलेन्सचाच मुलगा.

सायर म्हणून डीप इम्पॅक्ट २०१२ पासून सलग ११ वर्षं अव्वल होता. त्याच्या सात मुलांनी जपानी डर्बी जिंकली, बापापेक्षा एकाने जास्त. २०२० मध्ये मुलगा कॉन्ट्रेल बापासारखाच अपराजित ट्रिपल क्राउन विजेता झाला. डीप इम्पॅक्ट मानेच्या दुखण्याने ३० जुलै २०१९ ला गेला.

संडे सायलेन्सचा मृत्यू कशाने झाला?

१९ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, लॅमिनायटिसने.

हा आजार समजून घ्यायला खूर आतून कसा असतो ते पाहावं लागतं. खुराचं बाहेरचं कवच आणि आतलं हाड नाजूक पापुद्र्यांच्या थरांनी जोडलेलं असतं, आपलं नख खालच्या मांसाला चिकटलेलं असतं तसं. फरक एवढा की घोड्याचा सुमारे ५०० किलोंचा देह याच जोडावर पेललेला असतो. संडे सायलेन्सच्या पुढच्या एका पायात जंतुसंसर्ग झाला. पाय दुखतो म्हणून तो दुसऱ्या पायावर भार देऊ लागला. सतत भार पडला की त्या पायाच्या पापुद्र्यांना रक्त नीट मिळत नाही, सूज येते, जोड सुटू लागतो आणि हाड आतल्या आत सरकतं. घोडा आपल्यासारखा महिनाभर अंथरुणावर पडून राहू शकत नाही. एका पायाचं दुखणं असं दुसऱ्या, निरोगी पायाला संपवतं. शादाईने उपचारांत काहीही कमी ठेवलं नाही. पण तिथे पैसा चालत नाही.

ज्या देशाने असा घोडा जपला, तिथे सगळ्याच घोड्यांचं असं होतं का?

नाही, आणि हे न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. व्हिटिंगहॅम यांचाच फर्डिनांड, १९८६ चा केंटकी डर्बी आणि १९८७ चा ब्रीडर्स कप क्लासिक विजेता, तोही सायर म्हणून जपानला गेला होता. त्याची संतती चालली नाही. मागणी आटली, हात बदलत गेले आणि २००२ मध्ये तो कत्तलखान्यात गेल्याची बातमी पुढच्या वर्षी बाहेर आली. एकच ट्रेनर, एकाच शर्यती जिंकलेले दोन घोडे, एकच देश, एकच वर्ष. या बातमीनंतर अमेरिकेत काही मालक घोडा विकताना त्याला परत विकत घेण्याचा हक्क करारात लिहून घेऊ लागले. निवृत्त घोड्यांची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न जगभर अजून पुरता सुटलेला नाही, आपल्याकडेही नाही.

जपानबाहेर त्याच्या वंशाचं काय?

सुरुवातीला फारसं काही नाही, कारण जपानी मालक आपले घोडे घरीच ठेवत. मग चित्र पालटलं. नातवंडांपैकी नतागोराने २००८ मध्ये इंग्लंडची वन थाउजंड गिनीज जिंकली. आयर्लंडच्या कूलमोर स्टड फार्मने आपल्या गॅलिलिओ या सायरच्या मुली थेट जपानला डीप इम्पॅक्टकडे पाठवायला सुरुवात केली. त्यातून सॅक्सन वॉरियर (२०१८ ची टू थाउजंड गिनीज), स्नोफॉल (२०२१ ची इंग्लिश ओक्स, १६ लांबींनी) आणि ऑगस्त रोदँ (२०२३ ची इंग्लिश डर्बी) आले. ज्या युरोपकडून जपानने शंभर वर्षं घोडे विकत आणले, तेच युरोप आता रक्त मागायला जपानच्या होक्काइदो बेटावर जात होतं.

२०२३ मध्ये जगातला सर्वोत्तम मानला गेलेला इक्विनॉक्स हा संडे सायलेन्सचा पणतू.

एकाच घोड्याचं रक्त इतकं पसरलं, याचा धोका नाही का?

आहे. आज जपानमधल्या कुठल्याही चांगल्या घोड्याच्या कुळीत चार पिढ्यांत संडे सायलेन्स सापडला नाही तर नवल. म्हणून बाहेरचं रक्त लागतंच. किंग कामेहामेहासारखे सायर यशस्वी झाले त्याचं एक कारण हेच, की संडे सायलेन्सच्या मुलींना त्यांच्याशी बिनधास्त जोडता येत होतं. दुसरीकडे काही ब्रीडर आता मुद्दाम त्याचं नाव दोन्ही बाजूंनी, पण थोडं दूर ठेवून आणतात. २०२० ची अपराजित फिली ट्रिपल क्राउन विजेती डेअरिंग टॅक्ट अशीच, वडिलांकडून चौथ्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीत संडे सायलेन्स. निकाल झकास लागला. पण अशा चार जोडण्या जमल्या म्हणून वंशाचं आकुंचन होत नाही असं नाही, आणि त्याची किंमत दोन-तीन पिढ्यांनी कळते.

आपल्या महालक्ष्मी-पुण्याच्या रेसिंगशी तुलना करता येईल का?

नियम आणि घोड्याची जात तीच, त्यामुळे महालक्ष्मीला जाणाऱ्या माणसाला जपानी शर्यत समजायला अडचण येत नाही. इंडियन डर्बी २४०० मीटरची, गवतावर. टोकियोची जपानी डर्बीही २४०० मीटरची, गवतावर. आपल्याकडेही परदेशी स्टॅलियन आणून पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर ठेवण्याची जुनी परंपरा आहे. फरक पडतो तो घोड्यांच्या संख्येत, बक्षिसाच्या रकमेत आणि सरकारच्या धोरणात. जपानमध्ये बेटिंगचा पैसा मोठ्या प्रमाणात परत रेसिंगमध्येच येतो. आपल्याकडे कराचा बोजा वाढत गेला. एक संडे सायलेन्स आणला म्हणून इथेही तसंच घडेल, असं म्हणणाऱ्यांनी योशिदांची आधीची वीस वर्षं पाहावीत.

नव्याने पाहायला लागलेल्याने कोणत्या शर्यती पाहाव्यात?

आधी १९८९ ची प्रीकनेस, मग त्याच वर्षीची ब्रीडर्स कप क्लासिक. त्यानंतर स्टे गोल्डची हाँगकाँग वास, डीप इम्पॅक्टची २००५ ची जपानी डर्बी, आणि त्याला हरवणाऱ्या हार्ट्स क्रायची अरिमा किनेन. शेवटी २०२५ ची ब्रीडर्स कप क्लासिक. ती फॉरएव्हर यंगने जिंकली. ही शर्यत जिंकणारा जपानमध्ये तयार झालेला तो पहिला घोडा. वडील रिअल स्टील, आजोबा डीप इम्पॅक्ट, पणजोबा संडे सायलेन्स. शर्यत अमेरिकेतच, मातीवरच. सगळ्या मिळून अर्धा तासही लागत नाही.